नेट बंद करायचा हुकूम कोणाचा, आणि तो बघायला मिळतो कुठे?

सिंदफणाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

बीड जिल्ह्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षण आंदोलनाला हिंसक वळण लागलं, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि नेट बंद झालं. आंदोलनाची बाजू-दुसरी बाजू करायला हा धागा नाही, ती चर्चा कृपया इथे नको. मला त्या दिवसांतली आमच्या काउंटरवरची एक गोष्ट सांगायची आहे.

संचारबंदी शिथिल झाल्यावर आम्ही शटर अर्धं वर केलं. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, रानात ओल होती तोवरच पेरायचं. एक आबा डीएपीच्या दोन गोण्या न्यायला आले. आता अनुदानाचं खत पॉस मशीनवर आधारचा अंगठा लागल्याशिवाय विकता येत नाही, हे शेतीवाल्यांना माहीत आहे. आबांनी अंगठा लावला. मशीनवर गोल चक्र फिरत राहिलं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, पुन्हा लावला. मग फुंकर मारून तिसऱ्यांदा. आणि मला म्हणाले, "बाई, माझ्याच रेषा झिजल्यात. खुरप्यानं पार गेल्यात."

मी म्हटलं, "तुमचा अंगठा ठीक आहे आबा. नेट बंद आहे."
"कुणी बंद केलं?"
"सरकारनं."
"सरकारनं म्हंजी नेमकं कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. गोण्या मागे रचलेल्या, पैसे त्यांच्या हातात रोख, आणि व्यवहार होईना. मोबाईलवर कंपनीचा एसएमएस आलेला होता, शासनाच्या आदेशानुसार आपल्या भागात इंटरनेट सेवा तात्पुरती बंद आहे, एवढाच. आदेश कोणाचा, कधीपर्यंत, कुठल्या कायद्याखाली, काही नाही. नंतर मी एका कार्यालयात विचारायला गेले, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी "वरून आलंय" म्हणून सांगितलं.

गाव पेटलेलं असताना सरकारच्या हातात काहीच अधिकार नसावा असं माझं म्हणणं नाही. पण हा अधिकार नक्की कोणाला आहे, किती दिवसांसाठी, आणि तो कागद माणसाला बघायला का मिळू नये? जाणकारांनी लिहावं.

---

कलमदान | सोमवार, रात्री ११:०५

ताई, आबांचा प्रश्न अगदी नेमका आहे. वकिली करते, म्हणून जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं सांगते.

तुमच्याकडे बंदी आली तेव्हा १८८५ चा भारतीय तार कायदा आणि त्याखालचे २०१७ चे नियम लागू होते. आता त्यांच्या जागी दूरसंचार कायदा २०२३ आलाय. कलम २० मध्ये म्हटलंय की 'सार्वजनिक आणीबाणी' उद्भवली किंवा 'सार्वजनिक सुरक्षितते'साठी गरज पडली, तर सरकार कुठलीही दूरसंचार सेवा किंवा जाळं तात्पुरतं ताब्यात घेऊ शकतं, संदेश अडवू शकतं, ऐकू शकतं, सेवा बंद ठेवू शकतं. संदेश अडवायला आणि सेवा बंद करायला देशाची सार्वभौमता, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी कारण लागतं. सेवा बंद करण्याचे नवे नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले.

'सरकारनं म्हंजी कुणी' याचं उत्तर: राज्यात गृह खात्याचे सचिव, केंद्रात केंद्रीय गृह सचिव. अगदीच नाइलाज असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याला आदेश काढता येतो, पण २४ तासांत सचिवांनी त्यावर शिक्का मारला नाही तर तो आपोआप संपतो. आदेश लेखी हवा, कारणं हवीत, कुठला भाग आणि कुठली सेवा ते लिहिलेलं हवं, मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नको, आणि आदेश प्रसिद्ध करायलाच हवा. म्हणजे तो कागद मागणं ही मेहेरबानीची याचना नव्हे.

प्रसिद्ध करण्याचं बंधन अनुराधा भसीन खटल्यातून आलंय. काश्मीरमधल्या एका दैनिकाच्या संपादक न्यायालयात गेल्या होत्या. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यापार करण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या संरक्षणात येतं, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी गरजेपुरतीच हवी आणि आदेश लोकांसमोर हवा. त्या खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते, पुढे ते सरन्यायाधीश झाले.

---

वाळूजकर | सोमवार, रात्री ११:२१

पण जिल्हाधिकारीच बंद करतात ना? जमावबंदीच्या आदेशातच नेटचं पण लिहितात असं ऐकलंय.

---

कलमदान | सोमवार, रात्री ११:३४

@वाळूजकर, पूर्वी तसं चालायचं. २०१५ मध्ये गुजरातेत पाटीदार आंदोलनात कलम १४४ खाली मोबाईल इंटरनेट बंद केलं, उच्च न्यायालयाने ते उचलूनही धरलं. २०१७ च्या नियमांनंतर तो रस्ता बंद व्हायला हवा होता. नियम आहेत, सचिव आहेत, मग जमावबंदीच्या कलमाचा आधार घ्यायचं कारण उरत नाही. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक मागणी करू शकतात, आदेश सचिवांचाच लागतो. तो आदेश कंपनीपर्यंत पोचवायचं काम अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं.

---

तारवाला | मंगळवार, सकाळी ६:४०

तार खात्यात नोकरी केली, म्हणून या कायद्याशी माझं जुनं नातं. कडकट्ट, म्हणजे तारेची मोर्स लिपी, शिकलो तेव्हा प्रशिक्षणात आम्हाला १८८५ च्या कायद्याचं कलम ५ वाचून दाखवलं होतं. इंग्रजांनी ते का घातलं हे कळायला फार विचार लागत नाही. १८५७ मध्ये तारेचा उपयोग त्यांनी पुरेपूर पाहिला होता. तार ज्याच्या हाती, त्याच्या हाती मुलूख. स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, तरी कलम तेच राहिलं, आणि २०२३ च्या कायद्यातही 'सार्वजनिक आणीबाणी' हे शब्द तसेच उतरले. त्यांची व्याख्या तेव्हाही नव्हती, आजही नाही.

इथे बरेच जण दोन गोष्टी एक समजतात, म्हणून सांगतो. घटनेच्या ३५२ व्या कलमातली आणीबाणी वेगळी. ती राष्ट्रपती जाहीर करतात, संसदेची मंजुरी लागते, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर ती लावता येत नाही, युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड लागतं. तार कायद्यातली सार्वजनिक आणीबाणी मात्र जाहीर करावी लागत नाही, संसदेत जात नाही. ती एका तालुक्यापुरतीही असू शकते. मोठ्या आणीबाणीला आपण कुलूप घातलं, धाकट्या आणीबाणीची किल्ली खात्याच्या टेबलावर राहिली.

एक खटला मुद्दाम सांगतो. दिल्लीत हुकूमचंद श्यामलाल नावाची पेढी होती. तिचे टेलिफोन सट्ट्यासाठी वापरतात म्हणून 'आणीबाणी'चं कारण देऊन तोडले गेले. पेढी सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक आणीबाणी म्हणजे सार्वजनिक सुरक्षितता, देशाची अखंडता, सुव्यवस्था असल्या गोष्टींना हात घालणारी परिस्थिती, नुसती आर्थिक अडचण म्हणजे ती नव्हे. आणि ज्या अधिकाऱ्याने फोन तोडायचा, त्याने स्वतः खात्री करून तसं नोंदवलं पाहिजे, दुसऱ्या कुणी कळवलं म्हणून तोडून चालणार नाही. टेलिफोन तोडणं बेकायदा ठरलं. निकालाची तारीख बघा: डिसेंबर १९७५. बाहेर खरी आणीबाणी चालू, वर्तमानपत्रं सेन्सॉरकडे जातायत, आणि त्याच महिन्यांत एका पेढीला तिचा टेलिफोन कायद्याने परत मिळाला. पुढे १९९६ मध्ये फोन चोरून ऐकण्याबद्दलचा निकाल आला, त्यातही याच खटल्याचा आधार घेतला गेला.

सिंदफणाकाठ बाई, "वरून आलंय" हे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच न्यायालयाने बाद केलेलं आहे.

---

बंदोबस्त | मंगळवार, सकाळी ९:१५

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, धुळे जिल्ह्यातही काही काळ होतो. दुसरी बाजू मांडतो, मनापासून मांडतो.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे पाच जण भिक्षा मागत फिरत होते. मुलं पळवणारी टोळी आलीय असे व्हिडिओ मोबाईलवर फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. मी तेव्हा सेवेत नव्हतो, पण तो मुलूख, ते रस्ते, तिथून ठाण्यापर्यंत लागणारा वेळ मला पाठ आहे. जमाव जमायला दहा मिनिटं लागतात, गाडी पोचायला त्याच्या कितीतरी पट.

अशा वेळी ठाण्यात चार माणसं असतात, समोर हजार, आणि दर मिनिटाला नवा व्हिडिओ येतो. तोही दुसऱ्याच राज्यातला, तीन वर्षांपूर्वीचा. अधीक्षकाने नेट बंद करायची मागणी केली तर ती दडपशाहीच्या हौसेपायी करत नाही. उद्या सकाळी मोजायला प्रेतं नसावीत म्हणून करतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून किती पेटलं ते आठवा.

---

सिंदफणाकाठ | मंगळवार, दुपारी २:०८

बंदोबस्त दादा, तुमचं लिहिणं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. राईनपाड्याची ती खोली मीही बातम्यांत पाहिली होती.

पण एक विचारू का? राईनपाड्यात अफवा दिवसचे दिवस फिरत होती. त्या दिवसांत त्या भागातल्या मोबाईलवर "ही अफवा आहे, अमुक व्हिडिओ खोटा आहे, संशय आला तर या नंबरवर फोन करा" असा अहिराणीत, मराठीत सरकारी संदेश पोचला असता तर? आमच्याकडेही नेट बंद झाल्यावर अफवा थांबल्या नाहीत. तोंडातोंडी झाल्या. अमुक गावात इतके गेले, तमुक रस्त्यावर गोळीबार. खरं काय ते बघायची सोय बंद, त्यामुळे ऐकलेलं सगळं खरं. माझी सासू दोन रात्री झोपली नाही.

(दुकान उघडायचंय, संध्याकाळी येते.)

---

बंदोबस्त | मंगळवार, दुपारी २:५०

ताई, हे मान्य आहे. आमच्या काळात तसा संदेश पाठवायचं साधनच हाती नव्हतं. आज आहे, त्या टॉवरखालच्या प्रत्येक मोबाईलवर भोंग्यासारखा आवाज करत संदेश येतो तो. पुरासाठी, विजेसाठी वापरतात. दंगलीच्या वेळी खरी माहिती द्यायला तो वापरलेला मी ऐकलेला नाही. वापरायला हवा.

---

दापोली_परिसर | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

धागा फक्त 'बंद करणे' याच बाजूला चाललाय, म्हणून लिहितो. आणीबाणीत जाळं चालू ठेवणं हेही सरकारचंच काम ना?

३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. दुपारी वारा सुटला तो माडांचे शेंडे पिळवटून काढत होता. पोफळीच्या बागा आडव्या. त्यात टाळेबंदी, निम्मं गाव मुंबईत अडकलेलं. वीज गेली, पाठोपाठ मोबाईल गेले. टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग जनरेटर, मग डिझेल. आणि डिझेल आणायच्या रस्त्यावर झाडं पडलेली. आमच्याकडे कितीतरी दिवस रेंज नव्हती. लोक सकाळी सड्यावर चढायचे, एका कातळावर उभं राहिलं की एक दांडी यायची. रांग लागायची त्या कातळापाशी. प्रत्येकाने एक फोन करायचा, "घराचे पत्रे गेले, माणसं बरी आहेत" एवढंच बोलायचं आणि शेजाऱ्याचाही निरोप सांगायचा. माझ्या चुलत भावाने एका फोनवर मुंबईच्या काकूला अकरा घरांची खुशाली सांगितली. तिने पुढे अकरा ठिकाणी कळवली.

तेव्हा एका कंपनीचा टॉवर चालू होता आणि आमची सिमकार्डं दुसऱ्या कंपनीची, असंही झालं. तंत्रज्ञांनी सांगावं, संकटाच्या वेळी कुठल्याही कंपनीचं सिम कुठल्याही टॉवरवर चालवणं इतकं अवघड आहे का?

---

टॉवरखाली | मंगळवार, रात्री ८:२५

@दापोली_परिसर, मोबाईल जाळ्याच्या देखभालीत काम करतो. अवघड नाही. एकाच परिमंडळात एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या टॉवरवर घेणं हे रोमिंगचंच एक रूप आहे. अलीकडच्या वादळांत दूरसंचार विभागाने कंपन्यांना हे चालू करायच्या सूचना दिल्या आहेत. मात्र ते आधी जुळवून, तपासून ठेवावं लागतं. जो एक टॉवर जिवंत आहे त्यावर चार कंपन्यांची गर्दी एकदम पडली की तोही गुदमरतो. म्हणून मग डेटा कमी करून बोलणं आणि एसएमएस आधी, असं करावं लागतं. डिझेलचा प्रश्न त्याहून मोठा. वादळाच्या आधी दोन दिवस टाक्या भरल्या का, हे बघणारा माणूस हवा.

भोंग्याच्या संदेशाचं थोडक्यात: त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरला जातो, गर्दीत अडकतो. हा टॉवरवरून आकाशवाणीसारखा एकदम सगळ्यांना जातो, कुणाचा नंबर माहीत असावा लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. म्हणजे नेट बंद असतानाही सरकार लोकांशी बोलू शकतं. आपल्याकडे २० जुलै २०२३ ला सकाळी चाचणीचा संदेश आला होता, आठवत असेल. मी तेव्हा खोपोलीच्या बाजूला कामावर होतो. आदल्या रात्रीच इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. बचाव पथकं चिखलातून पायी वर चढत होती आणि खाली आमच्या सगळ्यांच्या खिशात एकदम तो भोंगा वाजला. सगळे दचकून डोंगराकडे बघायला लागले. संदेश वाचला, चाचणी होती. एक रात्र आधी खरा संदेश त्या वाडीवर पोचला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही.

---

कलमदान | मंगळवार, रात्री ९:१०

दापोलीकरांनी फार मोलाचा मुद्दा काढला. कलम २० चं पहिलं पोटकलम नीट वाचा. त्यात ताबा घेण्याच्या अधिकाराबरोबरच आपत्तीत मदत आणि पुनर्वसनाचं काम करणाऱ्या लोकांचे संदेश अग्रक्रमाने जावेत अशी व्यवस्था लावण्याचा अधिकारही दिलाय, आणि 'आपत्ती व्यवस्थापन' हे शब्द तिथे स्पष्ट आहेत. म्हणजे एकाच कलमाचे दोन हात. एक गळा दाबणारा, एक आधार देणारा. पहिल्या हातासाठी नियम, मुदती, समित्या सगळं तयार झालं, आणि त्याची सवयही झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जिल्हेच्या जिल्हे मोबाईल इंटरनेट बंद होतं. परीक्षेतली कॉपी ही सार्वजनिक आणीबाणी? हुकूमचंदच्या निकालापुढे हे कसं टिकावं, सांगा.

---

तारवाला | बुधवार, सकाळी ६:१५

अग्रक्रमाचं निघालं म्हणून. तारेत ही शिस्त जुनी. मृत्यूची आणि गंभीर आजाराची तार व्यापाराच्या तारेआधी जायची, मग व्यापारी कितीही मोठा असो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी लातूरच्या शेजारच्याच जिल्ह्यात तारघरात होतो. दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी जी गर्दी झाली ती आयुष्यात विसरणार नाही. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्यांचे नातेवाईक, लष्करात असलेल्यांचे आईबाप. एक बाई आली. मजकूर सांगता येईना. मी फॉर्म पुढे ओढला, विचारलं, "कोणाला पाठवायची?" तिने मुलाचा पलटणीचा पत्ता घडी घातलेल्या कागदावर दिला. "काय लिहू?" ती म्हणाली, "ये, एवढंच लिवा." एका शब्दाची तार. ती आम्ही सगळ्यांच्या आधी लावली, आणि आमच्या साहेबांनी त्यावर सही करताना एक अक्षर विचारलं नाही.

त्या आठवड्यात जाळं सरकारच्या पूर्ण ताब्यात होतं, कारण खातंच सरकारचं होतं. पण ताबा म्हणजे तेव्हा आम्हाला 'आधी कोणाची तार जाईल' हे ठरवायची जबाबदारी वाटायची.

---

गच्चीवर_अँटेना | बुधवार, सकाळी ८:०२

तारवाला काकांना नमस्कार. किल्लारीला हौशी रेडिओवाल्यांनीही निरोप पोचवायचं काम केलं होतं, आमच्या गुरूंकडून ऐकत मोठा झालो. परवाना केंद्र सरकारकडून घ्यावा लागतो, परीक्षा असते, अवघड नाही. कारची बॅटरी, एक संच आणि गच्चीवर ताणलेली तार, एवढ्यावर टॉवर नसताना बोलता येतं. प्रत्येक तालुक्यात असे चार परवानाधारक असले तर दापोलीच्या कातळापाशी रांग लागणार नाही. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही, तो गुन्हा ठरतो, म्हणून 'एक आणून ठेवू' असं कुणी मनात आणू नका.

---

मेसवाली_पुणे | बुधवार, सकाळी ११:४५

मला कायद्यातलं कळत नाही. माझी मेस आहे, त्यात काश्मीरची मुलं जेवायला असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिकडे फोन, मोबाईल, नेट सगळंच बंद झालं. एक मुलगा रोज जेवायच्या आधी घरचा नंबर लावायचा. फोन कानाला, दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा तसाच. मग फोन पालथा ठेवायचा आणि जेवायचा. ईद आली त्या महिन्यात. मी शिरखुर्मा केला, सगळी मुलं जेवली, तो उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर एके दुपारी त्याचा फोन वाजला. पोस्टपेड मोबाईल सुरू झाले होते. त्याची आई. तो जिन्यातच बसला. मला त्यांची भाषा कळत नाही, पण तो पहिली पाच मिनिटं फक्त एकच शब्द म्हणत होता, तो आपल्याकडच्या 'हो'सारखा काहीतरी असावा.

देशाच्या सुरक्षेचं मला समजतं, माझा भाचा सैन्यात आहे. पण आईला लेकाचा आवाज ऐकू येण्याने सुरक्षेला काय होणार होतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

---

कलमदान | बुधवार, दुपारी १२:३०

मेसवाली ताई, यावर काय लिहू. तारखा तेवढ्या देते. २०२० च्या जानेवारी अखेर तिथे २जी सुरू झालं, तेही ठरावीक संकेतस्थळांपुरतं. सगळीकडे ४जी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. म्हणजे दीड वर्ष. मधल्या काळात कोरोनाही येऊन गेला, शाळा मोबाईलवर आल्या. मणिपूरमध्ये २०२३ मध्ये मे महिन्यापासून महिन्यांमागून महिने मोबाईल इंटरनेट बंद राहिलं. १५ दिवसांची मुदत आहे, पण एक आदेश संपला की दुसरा काढता येतो. आढावा समितीत राज्याचे मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव असतात. सगळे सरकारातलेच, न्यायाधीश नाही, बाहेरचा कोणी नाही. माझ्या मते खरी दुखरी नस ही आहे.

---

बे_एरियातून | बुधवार, रात्री ९:५५

इकडची माहिती थोडक्यात. अमेरिकेत १९३४ च्या दळणवळण कायद्याचं कलम ७०६ राष्ट्राध्यक्षांना युद्धात किंवा राष्ट्रीय आणीबाणीत रेडिओ केंद्रं बंद करायचा, ताब्यात घ्यायचा अधिकार देतं. पर्ल हार्बरनंतर, १९४२ मध्ये, तारा आणि टेलिफोनही त्यात आले. त्याच्याही आधी, ऑगस्ट १९१८ ते जुलै १९१९ अशी एक वर्षभर अख्खी टेलिफोन-तार व्यवस्था पोस्टमास्टर जनरलच्या हाती दिली होती. ताबा घेतल्यावर तीन महिन्यांत युद्ध संपलं, ताबा मात्र पुढे आठ-नऊ महिने राहिला आणि दरही वाढले.

आमच्या जवळची घटना ऑगस्ट २०११ ची. सॅन फ्रान्सिस्कोत निदर्शनं होऊ नयेत म्हणून तिथल्या रेल्वे यंत्रणेने काही भुयारी स्थानकांतली मोबाईल सेवा तीन तास बंद केली. तीन तासच, पण इतका गदारोळ झाला की त्यांना पुढे असं कधी करता येईल याचं लेखी धोरण करावं लागलं. भोंग्याच्या संदेशाबाबत एक सावधगिरी: जानेवारी २०१८ मध्ये हवाईत चुकून 'क्षेपणास्त्र येतंय' असा संदेश गेला, चूक दुरुस्त करणारा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. बटण कोणाच्या हाती, हे तिथेही तपासावं लागतंच.

---

बंदोबस्त | गुरुवार, सकाळी ९:४०

मेसवाली ताईंचा प्रतिसाद रात्री दोनदा वाचला. माझं मत थोडं बदललंय, ते लिहून ठेवतो. राईनपाड्यासारखी वेळ आली तर काही तास, त्या तालुक्यापुरती, व्हिडिओ फिरणं थांबावं म्हणून डेटा बंद, याला माझा अजून पाठिंबा आहे. पण फोन आणि एसएमएस कधीही बंद नको. दवाखाना, बँक, रेशन, सिंदफणाकाठ ताईंचं खताचं मशीन, यांच्या जोडण्या वगळायची सोय आदेशातच हवी. आणि आदेशाची प्रत जशी कंपनीला जाते तशी त्याच तासाला तहसील, पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. जमावबंदीचा आदेश आम्ही चौकात वाचून दाखवायचो, भोंगा लावून. मग हा का नाही?

---

सिंदफणाकाठ | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. बंदोबस्त दादा, तुम्ही फलकाचं लिहिलंत ते मला फार पटलं.

कलमदान ताई, मी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय, बघाल का? गृह विभागाला पाठवायचाय. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करायचा प्रत्येक आदेश, क्रमांक आणि तारखेसह. तो कुठे प्रसिद्ध केला. आढावा समितीची बैठक कधी झाली आणि तिने काय नोंदवलं. खत विक्रीच्या मशीनसाठी पर्यायी व्यवस्थेचा विचार झाला होता का. चारच प्रश्न.

---

कलमदान | गुरुवार, रात्री १०:५८

उत्तम आहे. "विचार झाला होता का" असं विचारू नका, मत मागितलं म्हणून फेटाळतील. "विचार झाल्याची टिप्पणी असल्यास तिची प्रत द्यावी" असं लिहा. सुरक्षेचं कारण देऊन नकार आला तर प्रथम अपील करा, त्यात लिहा की आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारकच होतं, मग जे प्रसिद्ध व्हायचंच होतं ते गुप्त कसं? संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात म्हटलं होतं की देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय. त्यामुळे तुमच्यासारखा एकेक अर्ज हीच नोंद.

---

सिंदफणाकाठ | गुरुवार, रात्री ११:१५

दुरुस्ती केली. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणून ठेवलंय, उद्या स्पीड पोस्टाने पाठवते.

आबा काल दुकानात आले होते, यंदाच्या हरभऱ्याचं बियाणं बघायला. मी त्यांना सांगितलं, "आबा, गृह सचिव. नेट बंद करायची सही त्यांची लागते." त्यांनी दोनदा म्हणून घेतलं, गृह सचिव, गृह सचिव. मग विचारलं, "तेंचं हापिस कुठंय?" मी म्हटलं, मुंबईला, मंत्रालयात. अर्जावर खाली माझ्या सहीशेजारी त्यांनी अंगठा लावलाय. एकाच नावाचा अर्ज असतो, त्यांच्या अंगठ्याची तिथे गरज नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तो राहू दिला. शाईवर अगदी स्वच्छ उमटलाय.